कानांनी वाचायचे टॅग: एका संगीतसंग्रहाच्या दुरुस्तीचं प्रकरण

हे प्रकरण सांगलीतल्या एका निवृत्त शिक्षिकेचं आहे. काचबिंदूमुळे त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. त्यांचे यजमान गाण्याचे मोठे दर्दी. त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या कॅसेट, सीडी आणि रेडिओवरून टेप केलेली गाणी हळूहळू संगणकावर उतरली होती. साधारण दीड हजार एमपीथ्री फाइल्स. अशा फाइलमध्ये गाण्याचं नाव, गायक, अल्बम ही माहिती लिहून ठेवलेली असते, तिला टॅग म्हणतात. यजमान गेल्यावर मुलाने तो सगळा साठा आईच्या अँड्रॉइड फोनवर चढवून दिला. फोनमध्ये टॉकबॅक चालू असतो, म्हणजे पडद्यावर बोट जिथे टेकेल तिथलं नाव फोन बोलून दाखवतो. बाई अशा रीतीने मेसेज ऐकतात, नातेवाइकांना फोन लावतात, पेपरही ऐकतात. फक्त गाणी त्यांच्या हाताला लागत नव्हती.

कॅसेट संगणकावर उतरवून देण्याचं काम मी करतो, म्हणून मुलाने मला बोलावलं. बाईंनी तक्रार एका वाक्यात सांगितली, "अरे, गाणी आहेत सगळी, पण हाक मारली तर एकही ओ देत नाही."

मी शेजारी बसून फोन काय बोलतो ते ऐकलं. गीतरामायणाच्या जागी इंग्रजी उच्चारात "गीत रामायन व्हॉल्यूम वन ट्रॅक झीरो वन" असं यायचं. पुढच्या गाण्याला तेच सगळं पुन्हा, फक्त शेवटचा आकडा वेगळा. काही गाण्यांवर बोट टेकलं की फोन एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता डॉट-कॉमसकट वाचून दाखवायचा, गाण्याचं नाव नाहीच. काही ठिकाणी "येन, येन" असं जपानी चलनाचं नाव यायचं. अभंगांच्या एका अख्ख्या कॅसेटचा संगीतप्रकार फोनच्या मते "ब्लूज" हा पाश्चात्त्य प्रकार होता. डोळस माणूस अशा यादीवरून नजर फिरवतो आणि अंदाजाने काम भागवतो. ज्याला यादी एकेक नाव करून ऐकावी लागते, त्याच्यासाठी हा संग्रह कुलूपबंद होता.

नावं बिघडली कशी

मुलाला वाटत होतं की फोनवर चढवताना काहीतरी चुकलं. तसं नव्हतं. बिघाड त्याच्या खूप आधीचा होता, आणि तो एका ठिकाणी झालेला नव्हता.

पहिलं म्हणजे, साध्या ऑडिओ सीडीवर गाण्यांची नावं नसतातच. तिच्यावर असतो आवाज आणि कोणतं गाणं कुठे सुरू होतं याचा तक्ता. सीडी-टेक्स्ट नावाची सोय आहे, पण ती फार थोड्या सीडींवर भरलेली असते. प्लेअरमध्ये सीडी घातल्यावर नावं दिसतात ती इंटरनेटवरच्या माहितीसाठ्यातून येतात. किती गाणी आहेत आणि प्रत्येक गाणं कुठे सुरू होतं, यावरून तो साठा सीडी ओळखतो. त्यातली नावं बहुतांशी कुणीतरी हौसेने टाइप केलेली असतात, ज्याला जसं सुचलं तशी. त्यामुळे या संग्रहात सुधीर फडके चार-पाच वेगवेगळे गायक झाले होते. आडनाव कुठे पी-एचने, कुठे नुसत्या एफने. सुधीरमधला दीर्घ ईकार कुठे एका आयने, कुठे दोन ईंनी. माणूस वाचताना हा फरक विसरतो, प्लेअर विसरत नाही. त्याच्या लेखी एक अक्षर वेगळं म्हणजे माणूस वेगळा.

दुसरं कारण संगणकावरच्या प्लेअरच्या सेटिंगमध्ये सापडलं. बऱ्याच प्लेअरमध्ये "माहिती इंटरनेटवरून आपोआप भरा" अशी सोय असते आणि तिचे दोन प्रकार असतात. एकात फक्त रिकाम्या जागा भरल्या जातात, दुसऱ्यात आधीची माहिती पुसून नवी लिहिली जाते. इथे दुसरा प्रकार निवडलेला होता. यजमानांनी काही अल्बमची नावं स्वतः बसून मराठीत टाइप केली होती. त्यातली काही प्लेअरने कुणालाही न विचारता रोमनमध्ये बदलून टाकली होती. हे मला या प्रकरणातलं सर्वांत वाईट नुकसान वाटतं. ज्या घरात कुणी हाताने टॅग भरले आहेत, त्या घरात ही सोय पूर्ण बंद ठेवावी. मी सगळ्यात आधी तेच केलं.

तिसरं कारण फाइलच्या पोटात होतं. एकाच फाइलमध्ये एकाहून जास्त टॅग राहू शकतात. सर्वांत जुना प्रकार आयडी३ आवृत्ती १, साल १९९६. फाइलच्या अगदी शेवटी १२८ बाइटची पट्टी (एक बाइट म्हणजे साधारण एका रोमन अक्षराची जागा): गाण्याला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, टिपणीला ३० आणि संगीतप्रकाराला एक बाइट. उरलेले तीन सुरुवातीच्या खुणेचे. त्या एका बाइटमध्ये प्रकाराचा ठरावीक यादीतला क्रमांक लिहायचा, आणि यादीत शून्य क्रमांकावर ब्लूज आहे. एखाद्या प्रोग्रॅमने ती जागा शून्य ठेवून दिली की तुकोबांचा अभंगही ब्लूज म्हणून नोंदला जातो. या कॅसेटचं तेच झालं होतं.

पुढे आवृत्ती २ आली. ती फाइलच्या सुरुवातीला बसते आणि तिच्यात लांबीचा जाच नाही. तिचे २.३ (१९९९) आणि २.४ (२०००) हे दोन प्रकार आजही चालतात. शिवाय आवाजाची पातळी समान करणारे काही प्रोग्रॅम एपीई नावाचा तिसराच टॅग जोडतात. कोणत्या प्लेअरने यातला कुठला वाचायचा यावर एकमत नाही. त्यामुळे एकच फाइल संगणकावर एक नाव सांगते, फोनवर दुसरं आणि गाडीत तिसरं. मुलगा म्हणत होता, "मी संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये नाव सुधारलं होतं, तरी गाडीत जुनंच दिसतं." फाइलमध्ये जुना टॅग शाबूत असेल आणि गाडीतला प्लेअर तोच वाचत असेल, तर असंच होणार.

"येन, येन" म्हणजे काय

मोडकी अक्षरं दिसली की लोक सरसकट सगळं पुसतात आणि नव्याने टाइप करायला बसतात. आधी मोडतोड कोणत्या जातीची आहे ते ओळखावं, कारण एक जात पूर्ण बरी होते, दुसरी मेहनतीने होते आणि तिसरी होतच नाही.

फोन येन म्हणत होता त्या फाइल्स पहिल्या जातीच्या. यात मराठी मजकूर यूनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक अक्षरयादीच्या, यूटीएफ-८ पद्धतीनेच लिहिलेला असतो, पण टॅगमध्ये "हा मजकूर पश्चिम युरोपीय अक्षरांचा आहे" अशी चुकीची खूण पडलेली असते. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. 'सुधीर' या नावात स, उकार, ध, दीर्घ वेलांटी, र अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे पंधरा बाइट. चुकीच्या खुणेमुळे प्लेअर त्यांना पंधरा स्वतंत्र अक्षरं समजतो. प्रत्येक तिकडीचं पहिलं अक्षर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए. दुसरं चलनाचं चिन्ह नाहीतर येनचं. स, ध, र यांच्या वाट्याला चलनचिन्ह येतं. उकाराच्या आणि दीर्घ वेलांटीच्या वाट्याला येन. तिसरं अक्षर दर वेळी वेगळं: र असेल तर अंशाचं बारीक वर्तुळ, ध असेल तर कायद्याच्या पुस्तकात कलमाला वापरतात ते चिन्ह. मात्रा आणि हलन्तही येनमध्येच जातात, म्हणून मराठीत येनची गर्दी जास्त.

ही ओळख पटली की इलाज सोपा आहे, कारण मूळ बाइट जागच्या जागी आहेत. एमपीथ्रीटॅग या प्रोग्रॅममध्ये कोडपेज, म्हणजे कोणत्या बाइटचं कोणतं अक्षर हे सांगणारा तक्ता, बदलण्याची क्रिया आहे. ती आधी दोन-तीन फाइल्सवर करून पाहिली, नावं मराठीत उमटली, मग त्या सगळ्या गटावर चालवली. असा मोडका मजकूर दुसऱ्या खिडकीत कॉपी करून तिथे सुधारू नये. विंडोजच्या नेहमीच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत, आणि मराठीचा ऱ्हस्व उकार व हलन्त यांचे शेवटचे बाइट नेमके त्या जागांवर पडतात. 'ए' आणि 'झ' यांचेही. मध्ये एखाद्या प्रोग्रॅमने ती जागा गाळली की 'सुधीर'चा उकार जातो, 'वर्मा'मधला रफार तुटतो, आणि मग मात्र हाताने दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

दुसऱ्या जातीत यजमानांनी जुन्या काळी टाइप केलेली नावं होती. श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फॉन्टच्या काळात मराठी लिहिलं जायचं ते रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवून. फॉन्ट असेल तर मराठी दिसतं. टॅगमध्ये फॉन्ट साठवता येत नाही, म्हणून तिथे नुसती निरर्थक रोमन अक्षरं राहतात. कोडपेज बदलून इथे काही होत नाही. ज्या फॉन्टमध्ये टाइप केलं त्याच फॉन्टचा यूनिकोड परिवर्तक शोधावा लागतो. यजमानांच्या संगणकावर कॅसेटची एक यादी त्याच फॉन्टमध्ये सापडली, त्यामुळे फॉन्ट ओळखणं सोपं गेलं. परिवर्तकाने रफार आणि पहिली वेलांटी काही ठिकाणी चुकीच्या अक्षरावर ठेवली होती. ती वाचून नीट केली.

तिसरी जात नुसत्या प्रश्नचिन्हांची. कुठल्या तरी प्रोग्रॅमने मराठी अक्षरं न कळल्यामुळे प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून फाइल जतन केली होती. तिथे मूळ नाव उरलेलंच नाही. फाइलच्या नावावरून, फोल्डरवरून, कॅसेटच्या कागदावरून, आणि यातलं काहीच नसेल तर गाणं ऐकून ते पुन्हा मिळवावं लागतं.

नियम बाईंनी ठरवले

टॅग सुधारायला लगेच हात घालायचा नाही हे मी पाळतो. कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते कागदावर ठरल्याशिवाय दीड हजार फाइल्सना हात लावला तर जुन्या गोंधळाच्या जागी नवा येतो. एरवी हे नियम मीच सुचवतो. इथे ते बाईंना विचारून ठरवणं भाग होतं, कारण ही यादी ऐकली जाणार होती, आणि ऐकायच्या यादीचे नियम बघायच्या यादीपेक्षा वेगळे असतात. मला ते पूर्वी ठाऊक नव्हते, ते त्यांनी शिकवले.

पहिला नियम: गाण्याच्या नावाआधी काही नको. क्रमांक नको, अल्बमचं नाव नको, "श्री" नको. टॉकबॅक डावीकडून वाचत येतो. फरक सांगणारा शब्द शेवटी असेल तर प्रत्येक गाण्यासाठी तीच प्रस्तावना ऐकत बसावं लागतं. पहिल्या दोन शब्दांत गाणं कळलं की त्या पुढच्यावर जातात.

दुसरा: सगळं देवनागरीत. रोमन नाव फोन इंग्रजी वळणाने वाचतो आणि 'माडगूळकर' ओळखू येत नाही, हे एक कारण झालं. दुसरं जास्त महत्त्वाचं. बाई शोधाच्या चौकटीत बोलून टाइप करतात. मराठी कीबोर्डवर माइक दाबून "पराधीन आहे" म्हटलं की चौकटीत देवनागरी उमटतं, आणि ते रोमन टॅगशी कधीच जुळणार नाही. इतका वेळ गाणी ओ देत नव्हती ती याचमुळे. त्यातूनच तिसरा नियम निघाला: शुद्धलेखन आजचं. जुन्या पुस्तकांतून उतरवलेली 'स्वयें', 'जगतीं' अशी अनुस्वारांची रूपं बोलून टाइप केलेल्या शब्दांशी जुळत नाहीत, तेव्हा ती टॅगमध्ये नकोत.

गाण्याचं नाव म्हणजे नेमकं काय, यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. माझी सवय पहिली ओळ लिहायची. गीतरामायणातल्या त्या प्रसिद्ध गीताची पहिली ओळ "दैवजात दुःखे भरता" अशी आहे. लोक त्याला "पराधीन आहे जगती" म्हणूनच ओळखतात. बाई म्हणाल्या, "ज्या नावाने घरात हाक मारतो तेच नाव लिही. पहिली ओळ टिपणीत राहू दे." मला ते पटलं, आणि आता मी दुसऱ्यांच्या कामातही तसंच करतो.

उपाधींवर मात्र त्यांनी स्वतःचंच मत बदललं. "भीमसेन जोशी म्हणजे पंडित भीमसेन जोशी, नुसतं नाव कसं घ्यायचं?" असा त्यांचा आग्रह होता. 'पं.' असं आखूड लिहून चालेना, कारण फोन ते तुटक उच्चारतो. म्हणून आम्ही एका लहान गटात सगळीकडे 'पंडित' पूर्ण लिहून पाहिलं. कलाकारांच्या यादीत पंडित, पंडित, पंडित असं ऐकत खाली जावं लागलं तेव्हा त्याच म्हणाल्या, "नको. मनात म्हणेन मी." त्यामुळे कलाकाराच्या रकान्यात नाव आणि आडनाव, बाकी काही नाही. 'ग. दि. माडगूळकर' हे आद्याक्षरांसह तसंच ठेवलं, पण ठिपक्यानंतरची मोकळी जागा आणि 'गू'चा दीर्घ उकार सगळीकडे एकसारखा केला. आधी त्याची तीन रूपं होती.

आणि एक नियम माझा होता. आपल्या गाण्यात कवी, संगीतकार आणि गायक ही बहुतेक वेळा तीन माणसं असतात. बहुतेक प्लेअर पडद्यावर एकच 'कलाकार' दाखवतात, आणि टॅग भरणारे तेवढाच रकाना भरून मोकळे होतात. मग शब्द कुणाचे आणि चाल कुणाची हे पुढच्या पिढीच्या हातात पोहोचत नाही. आयडी३च्या आवृत्ती २मध्ये संगीतकाराला आणि गीतकाराला स्वतंत्र रकाने पहिल्यापासून दिलेले आहेत, ते भरायला हवेत. फोनवरचा प्लेअर गीतकार दाखवत नव्हता, म्हणून तो गीतकाराच्या रकान्यात लिहिलाच, शिवाय टिपणीतही लिहिला. मराठी शिकवण्यात हयात घालवलेल्या बाईंना हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

गीतरामायणाचा गुंता

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला. गीतरामायणात ५६ गीतं आहेत. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि ती पहिल्यांदा प्रसारित झाली पुणे आकाशवाणीवरून, १९५५-५६ साली. ही सगळी मिळून एक कथा आहे. क्रम मोडला की रामजन्माआधी सेतू बांधला जातो.

फोनवर ही कथा अनेक अल्बममध्ये विखुरली होती. कारण प्रत्येक सीडीच्या अल्बमचं नाव थोडं वेगळं होतं, कुठे खंडाचा आकडा जोडून, कुठे तुटक, आणि प्रत्येक सीडीवर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होत होता. अल्बमचं नाव एक करून पाहिलं तर पाच-सहा पहिली गाणी एकापाठोपाठ आली. चकतीचा क्रमांक लिहायला टॅगमध्ये रकाना आहे, पण बाईंच्या फोनमधला प्लेअर तो मानत नव्हता. म्हणून चकत्या विसरून १ ते ५६ असे सलग क्रमांक दिले. एमपीथ्रीटॅगमध्ये फाइल्स योग्य क्रमाने मांडून घेतल्या की क्रमांक देणारी सोय ते एका फटक्यात करते. मांडणी मात्र डोळ्यांनीच करावी लागते, कारण संगणक कधी कधी १ नंतर १० आणि मग २ अशी रांग लावून मोकळा होतो.

मग दुसरी अडचण लक्षात आली. कलाकार म्हणून सगळीकडे सुधीर फडके लिहिलं होतं. क्रम तपासण्यासाठी मुलगा एकेक गीत थोडं थोडं वाजवत होता, तेव्हा बाईंनी एका गाण्यावर हात वर केला. "हा फडक्यांचा आवाज नाही रे. माणिक वर्मा आहेत या." आकाशवाणीवरच्या मूळ कार्यक्रमात गीतं वेगवेगळ्या गायकांनी गायली होती: माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके, वसंतराव देशपांडे आणि इतर. बाजारात आलेला ध्वनिमुद्रिकांचा संच फडक्यांच्या आवाजात आहे. यजमानांनी रेडिओवरची जी गीतं टेप केली होती ती संचातल्या गीतांमध्ये मिसळली गेली होती, आणि इंटरनेटवरच्या साठ्याने सरसकट सगळ्यांना एकच नाव चिकटवलं होतं.

म्हणून दोन अल्बम केले, 'गीतरामायण' आणि 'गीतरामायण आकाशवाणी'. दुसऱ्यात बाईंनी आवाज ओळखून जी नावं खात्रीने सांगितली तीच लिहिली. जिथे त्या "वाटतं" म्हणाल्या तिथे कलाकाराचा रकाना रिकामा सोडून टिपणीत शंका नोंदवली. रिकामा रकाना बघून पुढचा माणूस शोध घेतो. चुकीचं नाव दिसलं तर कुणी शोधत नाही, उलट तेच नाव पुढच्या प्रतींमध्ये उतरत जातं. अल्बमचा कलाकार हा स्वतंत्र रकाना दुसऱ्या अल्बममध्ये 'विविध गायक' असा भरला. तो रिकामा राहिला की बरेच प्लेअर प्रत्येक गायकाचा वेगळा अल्बम करतात.

सालाच्या रकान्यावर मुलाचं म्हणणं होतं की सगळीकडे १९५५ लिहावं. ते साल प्रसारणाचं आहे. हातातल्या सीडीवरचं मुद्रण त्या सालचं नाही. प्रसारणाचं साल टिपणीत गेलं, सालाचा रकाना मोकळा राहिला.

नाट्यसंगीतात हाच प्रश्न आणखी वाढतो. 'संगीत मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आलं, नाटक आणि पदं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. ती पदं तेव्हापासून कितीतरी गायकांनी गायली आहेत. बाईंना नाटकाचं नाव उच्चारलं की सगळी पदं एकत्र हवी होती, कोणत्या कॅसेटवरची आहेत याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. म्हणून अल्बम म्हणजे नाटक, आणि कॅसेटचं नाव टिपणीत. संग्राहकांना हे आवडणार नाही, पण हा संग्रह ज्यांचा आहे त्यांच्या सोयीचं हेच होतं. 'कट्यार काळजात घुसली'चं १९६७चं नाटक आणि २०१५चा चित्रपट एकाच नावामुळे फोनवर एकत्र झाले होते. नावापुढे 'नाटक' आणि 'चित्रपट' लिहून ते वेगळे केले.

प्रत्यक्ष काम

काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण संग्रहाची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि सगळ्या जुन्या टॅगची यादी मजकुराच्या फाइलमध्ये काढून ठेवली. टॅग बदलल्याने आवाज बिघडतो का, असं बाईंनी विचारलं. बिघडत नाही, टॅग हा आवाजाच्या माहितीच्या पुढे-मागे जोडलेला वेगळा भाग आहे आणि तो बदलताना गाण्याचा आवाज पुन्हा नव्याने साठवला जात नाही. धोका दुसरीकडे आहे. सुरुवातीच्या टॅगमध्ये जागा पुरली नाही तर अख्खी फाइल नव्याने लिहावी लागते, आणि तेवढ्यात पेनड्राइव्ह ओढून काढला तर फाइल अर्धवट राहते. म्हणून दुरुस्ती नेहमी संगणकाच्या डिस्कवर करावी, पेनड्राइव्हवर किंवा फोनवर थेट नाही.

एखाददुसऱ्या गाण्यासाठी व्हीएलसी पुरतं: गाणं लावून माध्यमाच्या माहितीची खिडकी उघडायची, रकाने बदलायचे, जतन करायचं. शेकडो फाइल्सना ते कामाचं नाही. एमपीथ्रीटॅगमध्ये पूर्ण फोल्डर तक्त्यासारखा दिसतो आणि एका रकान्यात कोणत्या फाइलमध्ये कोणकोणते टॅग आहेत तेही दिसतं. तो रकाना पाहूनच जुने आवृत्ती १चे आणि एपीईचे टॅग कुठे अडकले आहेत ते कळलं. आधी त्यातली उपयोगी माहिती नव्या टॅगमध्ये आणली, मग फक्त ते जुने टॅग काढले. आवृत्ती १ ठेवण्यात मराठीसाठी काहीच अर्थ नाही. देवनागरी तिथे बसत नाही आणि प्रश्नचिन्हं व्हायची ती तिथेच होतात. सगळं २.३ प्रकारात, यूटीएफ-१६ या यूनिकोडच्याच दुसऱ्या पद्धतीने लिहिलं. २.४मध्ये यूटीएफ-८ चालतं आणि ते जास्त नीटनेटकं आहे, पण जुनी उपकरणं त्यापुढे अडखळतात.

म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्रॅम आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो. तोही चालवून पाहिला. सीडीवरची काही गाणी त्याने ओळखली, कॅसेटवरची जवळपास नाहीच. जुना टेप किंचित वेगाने किंवा सावकाश फिरला असेल तर ठसा जुळत नाही, आणि कुणी नोंदवलेलीच नसलेली गाणी तो तरी कुठून ओळखणार. मराठी संग्रहासाठी त्याच्यावर विसंबून राहू नये आणि त्याने सुचवलेलं नाव न ऐकता स्वीकारू नये, असं माझं मत आहे.

फोनवरच्या जुन्या फाइल्स पूर्ण काढून नव्या चढवल्या. नुसत्या वरून टाकल्या असत्या तर फोनने आपल्या यादीत जपून ठेवलेली जुनी नावंच काही काळ सांगितली असती. मुलाच्या गाडीतला प्लेअर देवनागरीऐवजी चौकोन दाखवतो, म्हणून त्याच्यासाठी रोमन नावांची वेगळी प्रत काढली. मूळ प्रत देवनागरीतच राहिली.

आता बाई शोधाच्या चौकटीत "पराधीन आहे" म्हणतात आणि गाणं येतं. त्याची दोन मुद्रणं आहेत, म्हणून दोन ओळी येतात, आणि त्यांना हव्या त्या ओळीवर त्या बोट टेकवतात. रागाचं नाव टिपणीत असलं तरी फोनचा प्लेअर टिपणीत शोध घेत नाही, त्यामुळे "आज भूपातलं काही" असं अजून मागता येत नाही. त्यासाठी निवडक रागांच्या प्लेलिस्ट करून देण्याचं ठरलं आहे. ज्या कॅसेट अजून उतरवायच्या आहेत त्यांची मूळ प्रत फ्लॅक प्रकारात ठेवणार आहोत. त्यात आवाजाचा दर्जा कमी होत नाही, टॅग कायम यूटीएफ-८मध्येच असतात, आणि राग, ताल, नाटक यांच्यासाठी हवे तेवढे रकाने जोडता येतात.

बऱ्याच रेडिओ मुद्रणांचा पत्ता लागलेला नाही. ती 'ओळख बाकी' नावाच्या अल्बममध्ये ठेवली आहेत, गाण्याच्या नावाच्या जागी ऐकू आलेले पहिले चार-पाच शब्द लिहून. बाई दुपारी ती ऐकतात. एखादा आवाज ओळखला की मुलाला सांगतात, तो मूळ प्रतीत भरतो आणि पुढच्या वेळी घरी आला की फोनवर नवी फाइल चढवतो.